रिकाम्या कबरीवरचं नाव

श्टुटगार्ट, २४ एप्रिल १९७९

रेमे,

अक्षर ओळखलंस तर आधी कुठेतरी बस. मी सेल्मो, तुझा दादा. पंधरा वर्षांनी लिहितोय. जिवंत आहे हे मुद्दाम लिहावं लागतंय, कारण गेल्या गुरुवारी मी माझी स्वतःची कबर पाहिली.

हल्ली मी एका सहल कंपनीत दुभाष्या आहे. जर्मन म्हातारे-म्हाताऱ्या बसमध्ये घालायच्या आणि त्यांना आपला स्पेनच्या दक्षिणेचा मुलूख दाखवून आणायचा. कादिझचा फेरा मी कायम कुणाच्या तरी गळ्यात घालायचो. या वेळी तो कुणीतरी आजारी पडला.

सकाळी दहाला बस बंदरावर लागली आणि मी माझ्याच गावात वाटाड्या म्हणून उतरलो. कॅथेड्रलचा पिवळा घुमट दाखवला. फुलांच्या चौकात सगळ्यांना गरम तळलेले गोड चुरोस खायला घातले. मंडईत ट्यूना मासा कापताना दाखवला, बायकांनी डोळे झाकले आणि बोटांच्या फटीतून बघितलं. दुपारी आपल्या मोहल्ल्यातल्या लिबोरियोच्या खानावळीत जवळ्याची धिरडी आणि तळलेली मासळी. लिबोरियोचा मुलगा आता गल्ल्यावर बसतो. माझं टक्कल आणि सुटलेलं पोट बघून त्याने मला ओळखलं नाही. मी जर्मन माणसासारखे "ग्रासियास" म्हणून आभार मानले.

जेवून सगळे वाळूत आडवे झाले. फ्राउ ओटिलिये नावाच्या एका बाईंना मात्र समुद्राकाठची दफनभूमी बघायची होती. मला बाबांना भेटायचं होतं, म्हणून मी लगेच निघालो. बाबांच्या कबरीचा कोनाडा सापडला, भिंतीत तिसऱ्या ओळीत. आणि त्याच्या शेजारी मी.

"आन्सेल्मो किरोस बेर्नाल. १९३९–१९७०. दूरदेशी निधन. आई तुला विसरलेली नाही."

फ्राउ ओटिलिये म्हणाल्या, "अरेरे, किती तरुण गेला! तुमच्या ओळखीतला?"

"थोडीफार ओळख होती," मी म्हणालो.

दगड लख्ख घासलेला होता. फुलं त्याच दिवशीची असावीत. रेमे, हे कुणी केलं? आत कोण आहे? आई आहे का? असली तर तिला काही बोलू नकोस, आधी मला लिही.

सेल्मो

*

कादिझ, ५ मे १९७९

दादा,

तुला दादा म्हणायला हात धजत नाही, पण दुसरं काय म्हणू?

पत्र मी जिन्यातच फोडलं आणि जिन्यातच बसले. वरून आईने विचारलं, "कुणाचं गं?" मी म्हटलं, "कारखान्याचं." तुझं नाव निघालं की माझ्या तोंडून खोटंच बाहेर पडतं, त्याला आता नऊ वर्षं झाली.

हो, आई आहे. सत्तर वर्षांची आहे, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, जीभ पहिल्यासारखीच आहे. तुझ्या दगडावरची फुलं तिची. ती दर गुरुवारी जाते. तू दुपारी गेलास, ती सकाळी जाऊन आली होती.

तो दगड माझ्यामुळे आहे.

चौसष्ट साली तुझं शेवटचं पत्र आलं. त्यानंतर आई रोज पोस्टमनच्या वेळेला गच्चीत उभी राहायची. सहा वर्षं, दादा. ऊन असो, पूर्वेचा लेवान्ते वारा असो. तो खालूनच मान हलवायचा आणि ती आत येऊन जेवायची नाही. सत्तर साली तिने ट्रंक भरली. म्हणाली, "मी जर्मनीला जाते, दार वाजवत फिरेन." एकसष्ट वर्षांची बाई, अक्षरओळख नाही, आयुष्यात सेव्हिलच्या पलीकडे गेलेली नाही. तिकीट काढून आणलं तिने. मग मी कारखान्यातल्या टाइपरायटरवर एक पत्र लिहिलं, कुठल्याशा जर्मन पाद्र्याच्या नावाने. यंत्राखाली सापडून गेला, तिथेच पुरलं. तेच पत्र मी तिला वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली आणि मी वाचत राहिले.

कोनाडा रिकामा आहे. दगड तिने हट्टाने बसवला.

आधी मला माहीत होतं की हे खोटं आहे. नंतर तुझ्याकडून काही म्हणजे काहीच येईना, तेव्हा मलाही खरं वाटायला लागलं. तुझ्या नावाच्या प्रार्थनेला मी मनापासून रडले आहे, आणि आता तू मला मंडईतला ट्यूना सांगतोस!

लिबोरियोच्या खानावळीतून आपली गच्ची दिसते. तिथे बसून तू धिरडी खाल्लीस आणि वर आला नाहीस. माझं डोकं चालेनासं झालंय. काय लिहायचं ते लिही, पण कारखान्याच्या पत्त्यावर.

रेमेदियोस

*

श्टुटगार्ट, १६ मे १९७९

रेमे,

तू जे काही लिहिलंस ते कमीच आहे.

चौसष्ट सालच्या पत्रात मी मुकादम झालो असं लिहिलं होतं. त्याच आठवड्यात कारखान्यातल्या कापायच्या यंत्राने माझ्या डाव्या हाताची दोन बोटं नेली. काम गेलं. मी एका उपाहारगृहात ताटल्या विसळत होतो आणि आईला लिहिलेलं होतं की वर्षभरात घर घेऊन तुला इकडे आणतो. म्हटलं, जरा बरं चाललं की लिहू. मग एक महिना गेला. मग लाज वाटली की महिनाभर का लिहिलं नाही. मग वर्ष गेलं, आणि वर्षाची लाज महिन्याच्या लाजेपेक्षा मोठी असते. यापलीकडे काही नाही. बाई नव्हती, तुरुंग नव्हता. असतं तर सांगायला तरी सोपं गेलं असतं.

लिबोरियोकडून मी गच्चीकडेच बघत होतो. वाळत घातलेले कपडे एकाच बाईचे दिसले, तरुण बाईचे. मला वाटलं आई गेली. मग वर येऊन तुला तोंड दाखवायचा धीर झाला नाही.

ती आहे हे कळल्यापासून झोप नाही. मला यायचंय. तू म्हणशील तसं येतो.

सेल्मो

*

कादिझ, २८ मे १९७९

दादा,

ते कपडे माझे होते. आईचे मी आत वाळवते, काळे कपडे उन्हात विटतात म्हणून. ती काळं का घालते हे तुला सांगायला नको.

डॉक्टर म्हणतात, रक्तदाब फार आहे, धक्का देऊ नका. म्हणून असं ठरवलंय. तू सेल्मोचा कारखान्यातला मित्र म्हणून ये. नाव दामियान सांग. तिला दिसतं धूसर, तुझ्या फोटोत केस होते आणि तू सुतळीसारखा होतास. एक दिवस तिच्याबरोबर घालव. तिला तुझी सवय होऊ दे, मग आपण दोघं बसून हळूहळू सांगू. मी असल्याशिवाय एक शब्द बोलू नकोस. शपथ घे.

तिला सांगितलंय मी. कालपासून ती मोज्यांना शिवण घालतेय आणि म्हणतेय, "त्याचा मित्र येतोय, त्याला गाव दाखवायला हवं."

बारा जूनला मंगळवार आहे. मला रजा नाही, सहाला घरी येते.

हे आईसाठी करतेय, पण थोडं माझ्यासाठीही. कळलं तर ती तुला माफ करेल रे. मला करेल का, ते माहीत नाही.

रेमे

*

कादिझ, २१ जून १९७९

दादा,

काय केलंस?

मंगळवारी सहाला मी मिठाई घेऊन घरी आले. तू नव्हतास. आई गच्चीकडे पाठ करून खुर्चीत बसली होती, पायात बाहेरचे बूट तसेच. मी विचारलं, "पाहुणे कुठे आहेत?" मग विचारलं, "आई, बरं नाही का?" ती खुर्चीतून उठून आत गेली. त्या दिवसापासून आज नऊ दिवस ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. शेजारच्या मिलाग्रोसशी बोलते, पोपटाशी बोलते. मी केलेलं खात नाही, स्वतःचं वेगळं शिजवते. मी खोलीत आले की उठून जाते.

म्हणजे तिला कळलंय. किती कळलंय, कुणी सांगितलं, तू कुठे गेलास, मला काहीच माहीत नाही. लिही.

रेमे

*

श्टुटगार्ट, २९ जून १९७९

रेमे,

शपथ मोडली. कशी ते ऐक, मग वाटेल ते बोल.

सकाळी नऊला ती खाली दारातच उभी होती, पर्स पोटाशी धरून. मी म्हटलं, "मी दामियान." ती एक क्षण थांबली. मग माझ्या दंडात हात घातला आणि म्हणाली, "चला. माझ्या मुलाने तुम्हाला या गावाबद्दल काय सांगितलं असेल ते विसरा. त्याला काही माहीत नव्हतं, त्याला फक्त खाणं माहीत होतं."

फुलांच्या चौकात तिने मला चुरोस घेऊन दिले आणि मी चॉकलेटमध्ये बुडवतोय की नाही यावर नजर ठेवली. मंडईत मासेवालीला म्हणाली, "हा माझ्या सेल्मोचा मित्र. बघ कसा फुगलाय. आणि माझा म्हणे तिथे उपाशी राहायचा." तिथपर्यंत ती मला "अरे-तुरे" करायला लागली होती. मग टेहळणीच्या मनोऱ्यापाशी आलो. मी म्हटलं, तुम्ही खाली बसा. तर म्हणाली, "जन्म गेला इथे, कधी चढले नाही. आज तुझ्याबरोबर चढते." प्रत्येक मजल्यावर थांबत, कठडा धरत आम्ही वर गेलो. वर वारा. सगळी पांढरी छपरं, पलीकडे समुद्र. तिला काय दिसत होतं कोण जाणे. म्हणाली, "आमचं घर कुठे?" मी पटकन बोट दाखवलं. रेमे, परक्या माणसाला ते कसं कळणार? तिने काही विचारलं नाही.

लिबोरियोकडे जेवलो. तिने धिरडी मागवली. "माझा मुलगा सहा खायचा," ती म्हणाली. मी दोनच खाल्ली आणि पोट भरलं म्हणालो. जन्मात एवढी भूक लागली नव्हती.

मग वाळूवरच्या कट्ट्यावर बसलो. होड्या उलट्या घालून ठेवल्या होत्या. तिथे ती म्हणाली, "तू परका आहेस म्हणून सांगते. माझ्या मुलीला सांगू नकोस. सेल्मो गेल्याचं पत्र आलं ना, त्या दिवशी मी सहा वर्षांनी डोळाभर झोपले. आईच्या तोंडी शोभत नाही हे. पण तोवर मला रोज वाटायचं, आज कुठे असेल, जेवला असेल का, कुणी मारलं असेल का. त्या दिवसापासून तो एका जागी आहे. मला जागा माहीत आहे."

मला वाटलं उठावं आणि पळावं, मेलेलाच राहावं, तिच्यासाठी तेच बरं. खरंच निघालो असतो. पण ती उठली आणि म्हणाली, "चल, आता त्याला भेटू."

दगडापाशी तिने रुमालाला थुंकी लावली आणि एकेक अक्षर पुसलं, आपण लहान असताना आपली तोंडं पुसायची तसं. मग मला म्हणाली, "मला वाचता येत नाही. रेमे वाचून दाखवते, पण ती भरभर वाचते. तू वाच. मित्राच्या आवाजात ऐकू दे."

मी "आन्सेल्मो" म्हणालो. "किरोस" म्हणालो. पुढे जमेना.

"वाच की."

"आई, हे खोटं आहे," मी म्हणालो. "मी सेल्मो."

ती ओरडली नाही, पडली नाही. माझा डावा हात घेतला आणि बोटं चाचपली. एक, दोन, तीन. म्हणाली, "माझ्या मुलाला पाच बोटं होती." मी यंत्राचं सांगितलं. मग तिने माझ्या थोबाडीत मारली. रेमे, मी चाळीस वर्षांचा आहे आणि माझा चष्मा उडून बाबांच्या फुलदाणीत पडला. मग तिने मला धरलं, इतकं घट्ट की श्वास घेता येईना, आणि पुन्हा मारलं.

तेवढ्यावर राहिलं असतं तर ठीक. पण ती म्हणाली, "मग ते पत्र? पाद्र्याचं?"

मी गप्प राहायला हवं होतं. मी म्हणालो, "रेमेने लिहिलं."

तिचा चेहरा मी तेव्हा पाहिला. माझ्या जिवंत असण्यानेही तो तसा झाला नव्हता. मग म्हणाली, "तू आज घरी येऊ नकोस. एका दिवसात दोघांकडे बघायचं बळ माझ्यात नाही." मला स्टेशनच्या बसमध्ये बसवलं आणि खिडकीतून एक संत्रं हातात दिलं. मग वळून न बघता चालायला लागली.

पंधरा वर्षं पळालो तो मी, आणि नाव तुझं घेतलं. तुला काय म्हणू?

सेल्मो

*

कादिझ, ९ जुलै १९७९

दादा,

सत्तावीस दिवस झाले. काल तिने गवंड्याला नेऊन दगड काढून घेतला. मिलाग्रोसने सांगितलं, मला नाही.

तुझ्यावर राग नाही, उरलाच नाही. पण एक सांग. तू पंधरा वर्षं नव्हतास, तुला दोन थोबाडीत आणि एक संत्रं. मी रोज होते. तिची औषधं, तिचे पाय दाबणं, तिचा गुरुवार, सगळं मी. लग्नाचं बोलणं आलं तेव्हा नको म्हटलं, कारण तिला एकटीला टाकायचं कसं. आणि आता ती माझ्या हातचं पाणी घेत नाही.

मी खोटं बोलले. पण ती त्या गाडीत बसली असती तर आज कुठल्या स्टेशनवर मेली असती, हे तिला कोण सांगणार? मी सांगायला गेले तर ती कानावर हात ठेवते.

पुढचं पत्र तिच्या नावाने टाक. वाचून तर मीच दाखवणार. निदान तेवढा वेळ ती माझ्यासमोर बसेल.

रेमे

*

श्टुटगार्ट, १७ जुलै १९७९

प्रिय आई,

हे पत्र रेमे तुला वाचून दाखवेल. रेमे, मध्ये थांबू नकोस, लिहिलंय तसं वाच.

आई, दफनभूमीत मी तुला अर्धंच सांगितलं. पाद्र्याचं पत्र रेमेने लिहिलं हे खरं, पण लिहायला मी सांगितलं होतं. सत्तर साली मी तिच्या कारखान्यावर चिठ्ठी पाठवली होती. मला परत यायचं नाही, आईला सांग मी मेलो, नाहीतर मी खरंच काहीतरी करून घेईन, असं लिहिलं होतं. ती बिचारी घाबरली. तिने मला वचन दिलं आणि नऊ वर्षं पाळलं, तुझ्यापुढेही तोंड उघडलं नाही. दोष माझा आहे. राग धरायचा तर माझ्यावर धर. तिच्या हातचं जेव.

तुझा,
सेल्मो

*

कादिझ, २६ जुलै १९७९

सेल्मो,

हे रेमेच्या अक्षरात आहे पण बोलतेय मी, तुझी आई. चव्वेचाळीस दिवसांनी मी तिच्याशी बोलले ते एवढंच, "चष्मा घाल आणि लिही." ती माझं बोलणं गोड करून लिहिते अशी मला शंका आहे, म्हणून प्रत्येक ओळ परत वाचायला लावतेय.

तुझं पत्र तिने वाचलं. "लिहायला मी सांगितलं होतं" या ओळीला ती अडखळली, दोनदा वाचली, आणि मग तिच्या डोळ्यातून जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. त्यावरून मला कळलं की ती ओळ तिने पहिल्यांदाच वाचली. तू मला काय समजतोस? मला अक्षर येत नाही, माणसं येतात. तू आयुष्यात कुणाला आधी सांगून काही केलेलं नाहीस. सांगितलं असतंस तर हे सगळं झालंच नसतं.

तुम्ही दोघंही खोटारडे. तू न लिहून, ती लिहून. आता तू तिच्यासाठी खोटं बोललास. ते एक मी चालवून घेते.

सकाळी तुझा आवाज ऐकला तेव्हाच मला तो ओळखीचा वाटला होता. मनोऱ्यावर तू घर दाखवलंस तेव्हा जास्तच. पण मेलेल्याचा आवाज ओळखायचा म्हणजे स्वतःला वेडं म्हणायचं. म्हणून मी दिवसभर तुला फिरवत राहिले. म्हटलं, कुठेतरी बोलेल. गप्प बसणारा मुलगा होतास लहानपणीही.

कट्ट्यावर मी जे बोलले ते रेमेला सांगू नको म्हटलं होतं. आज मी स्वतः तिला सांगितलं. मी झोपले होते, हे सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे आई, मी दाराशी बसून तुझा श्वास ऐकत होते. म्हणूनच नंतर खरं सांगता आलं नाही." (आई म्हणतेय हे पण लिही. लिहिलंय.)

आता काम. तू ऑक्टोबरात ये, मुलगा म्हणून, आणि सरळ घरी. पण त्याआधी ऑगस्टमध्ये रेमेच्या कारखान्याला तीन आठवडे सुट्टी असते. दरवर्षी ती ती सुट्टी माझ्या पायाशी घालवते. या वर्षी नाही. मी मिलाग्रोसकडे राहीन. तू तिला तिकडे बोलाव. परक्या म्हाताऱ्यांना गावं दाखवतोस ना, तशी बहिणीला दाखव. चांगलं खायला घाल, तिला मनोऱ्यावर चढव, नदी असेल तर नावेत बसव. घाई करू नकोस. आणि परत पाठव, किंवा तिला राहावंसं वाटलं तर राहू दे. माझी ट्रंक अजून धड आहे, ती तिला देतेय.

ती म्हणतेय, मला नाही जमायचं, तुझी औषधं कोण देणार. तिला म्हटलं, लिही.

आई

दादा, ती स्वयंपाकघरात गेलीय, माझ्यासाठी आमटी गरम करायला. पटकन लिहिते. तिने सांगितलं म्हणून लिहितेय असं तुला वाटेल. तसं नाही. मला यायचंय. पाच ऑगस्टच्या गाडीने तिकडे पोचते, स्टेशनवर घ्यायला ये.

रेमे